तुळशीच्या विड्या

सुई टोचली तेव्हा श्रीनिवासनं तोंड फिरवलं नाही. उघड्या दंडाकडं बघत त्यानं विचारलं, "अक्का, ह्या सुईनं काय काय जातं?"

"विडी जाती. बाकी काय न्हाई."

"मंग राहतं काय?"

अक्कानं त्याच्या सदऱ्याची बाही खाली ओढली, बटण लावलं. उत्तर टाळायचं असलं की हाताला काम लागतं, आणि अक्काच्या हाताला जन्मात कधी कामाची उणीव पडली नव्हती.

तिचं नाव मंगल आडेप, वय बासष्ट. संगमनेरच्या पद्मशाली गल्लीत लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत. नवव्या वर्षी तिच्या मांडीवर सूप आलं ते उतरलंच नाही. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कातरायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायची, नखानं तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. अशा दिवसाला हजार विड्या. लग्न झालं, मोडलं. आई गेली, वडील गेले. सूप होतं तिथंच होतं. आता २०४१ साली गल्लीत विड्या वळणाऱ्या साताठ बायका उरल्या होत्या, आणि त्यांची बोटं बघायला कधीमधी शहरातून माणसं यायची, जुनी नाणी बघायला यावीत तशी.

श्रीनिवास तिच्या पाठचा, आठ वर्षांनी धाकटा. सव्विसाव्या वर्षी त्याच्या कानात माणसं बोलायला लागली. एक बाई नुसती हसायची. एक पुरुष होता, तो हुकूम सोडायचा. डॉक्टरांनी आजाराला स्किझोफ्रेनिया म्हटलं, अक्का त्याला गलका म्हणायची. चार वर्षं तिनं तो गलका घरात सांभाळला. मग एका सकाळी त्या पुरुषानं श्रीनूला विहिरीकडं जायला सांगितलं आणि तो गेला. लोकांनी काढला म्हणून वाचला. तेव्हापासून चोवीस वर्षं तो डोंगराकडच्या या मनोरुग्णालयात होता.

विडी तो इथंच शिकला. त्या काळी वॉर्डात विडीवर कामं करून घेत. फरशी पुसली की एक, गोळी मुकाट्यानं गिळली की एक. पुढं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्का पिशवीत स्वतः वळलेल्या विड्यांचे कट्टे घेऊन यायला लागली. दोघं लिंबाखाली बसत. तो ओढायचा, ती बघायची. विडी पेटली की गलका जरा लांब सरकतो, असं तो सांगायचा, आणि तेवढ्या तीनचार मिनिटांत तो बोलायचा. भावाची जी काही बोलणी अक्कापाशी जमली होती ती सगळी एका विडीच्या लांबीची होती.

सुई देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणजे हेमांगी टिळेकर. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं थेट. त्यांनी अक्काला आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला.

"बाई, माझ्या वॉर्डातली माणसं बाहेरच्यांपेक्षा पंधरा-वीस वर्षं आधी जातात. कानातल्या आवाजांनी नाही जात. छातीनं जातात, हृदयानं जातात. आणि आम्ही इतकी वर्षं म्हणत राहिलो, बिचाऱ्यांना एवढंच एक सुख आहे, ओढू दे. ती दया नव्हती हो. आम्ही त्यांना सोडून दिलं होतं."

अक्कानं पदराखाली हात घेतले. बोटं पिवळी होती. "मीच वळलेल्या हायत त्या सगळ्या."

"तुम्हाला दोष देत नाही मी. ऐका आता. तंबाखूच्या शेतातल्या मातीत एक जिवाणू असतो. निकोटीन म्हणजे तंबाखूतली ती नशा, तेच त्याचं जेवण. निकोटीन तोडायला त्याच्याकडं एक कात्री असते. ती कात्री आम्ही उचलली, तिला धार लावली, आणि माणसाच्या रक्तात सहा महिने टिकेल अशी केली. आता श्रीनिवासनं विडी ओढली तर निकोटीन मेंदूत पोचायच्या आधीच रक्तात त्याचे तुकडे होणार. धूर येईल, पण सुख लागणार नाही. पंधरा दिवसांत माणूस आपणहून विडी टाकतो."

"जबरदस्ती न्हाई?"

"त्यांनी सही केलीय. तुमच्यासमोर विचारलं ना मी? आणखी एक. त्यांची आवाजांवरची क्लोझापिनची गोळी मी आता निम्म्यावर आणणार. तंबाखू औषध खाते, बाई. इतकी वर्षं अर्धं औषध तंबाखूच खात होती, म्हणून डोस मोठा ठेवावा लागायचा. खाणारी गेली की तेवढंच औषध जास्त होईल. हे लक्षात ठेवा."

अक्कानं लक्षात ठेवलं. शाळा चौथीपर्यंतची, पण ऐकलेलं ती विसरत नसे. तंबाखू औषध खाते.

श्रीनूच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवली. दर सोमवारी ती चकती रक्तातलं औषध मोजणार, निकोटीनचा अंश शोधणार आणि आकडे दवाखान्याला कळवणार होती.

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. तेराव्या दिवशी श्रीनूनं अर्धी विडी ओढून भिंतीवर विझवली आणि म्हणाला, "ह्यात माती भरलीस का, अक्का?"

गोळी निम्मी झाली तशी त्याची लाळ थांबली. हाताचा कंप गेला. चोवीस वर्षं सुजल्यासारखा दिसणारा चेहरा हळूहळू उतरला आणि त्यातून वडिलांचं नाक वर आलं. आवाज पार बंद नव्हते झाले, पण भिंतीपल्याडच्या बिऱ्हाडासारखे झाले होते. आहेत, पण आपल्याशी बोलत नाहीत.

चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी नेणार?"

चोवीस वर्षं हा प्रश्न अक्काच विचारत आली होती. आज तो तिलाच विचारला गेला.

अट होती. घरात तंबाखूचा कणही नको. तिनं अकरा पानांच्या कागदावर सही केली, घरी आली, सूप पुसलं आणि उरलेली तंबाखू कारखान्यात नेऊन दिली. मुकादम म्हणाला, "अक्का, तुम्ही गेल्यावर इथं राहिलं कोण?" ती म्हणाली, "माझा भाऊ येतोय." शेजारची हमीदाबी तिच्यासोबतच वळत मोठी झालेली. ती दारात उभी राहून म्हणाली, "त्रेपन्न बरसांनी नवरा सोडलास गं तू. आता रिकाम्या मांडीवर काय घेशील, मांजर?"

"भाऊ जेवायला बसंल ना. ताट घेईन."

*

श्रीनू घरी आला आणि पहिले चार दिवस सगळ्या वस्तूंना हात लावून बघत राहिला. नळ, खिडकीची कडी, देवळीतला मार्कंडेयाचा फोटो. पाचव्या दिवसापासून तो ओट्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे ठेवून. सकाळी बसायचा तो दुपारपर्यंत. हात तसेच, कुणी त्यात काही ठेवायला विसरल्यासारखे.

अक्का विचारायची, "श्रीनू, काय पाहिजे का?"

"न्हाई."

"बोल की काहीतरी."

"काय बोलू?"

लिंबाखाली बोलणारा भाऊ कुठं गेला ते तिला कळेना. बरा झाला होता, घरी आला होता, आणि एका वाक्यापलीकडं जात नव्हता. एका संध्याकाळी तोच म्हणाला, "अक्का, मला ओढावंसं वाटत न्हाई. खरंच न्हाई. पण हाताला काय तरी दे गं. हातं मेल्यावाणी झाल्यात."

त्या रात्री अक्काला झोप नव्हती. तिनं हिशेब लावला, आपल्या परीनं पक्का. औषध खाते ती तंबाखू. चकती शोधते ती तंबाखू. घरात नको ती तंबाखू. मग तंबाखूच नसली तर?

सकाळी तिनं माळ्यावरचं पानांचं पुडकं काढलं. पानं भिजत घातली. वृंदावनातल्या तुळशीची वाळलेली पानं चुरली, त्यात चिमूटभर ओवा घातला. त्रेपन्न वर्षं तंबाखू धरलेल्या बोटांनी तुळस धरली आणि विडी वळून श्रीनूच्या हातात दिली.

"हे काय?"

"तुळस हाय. छातीला बरी. तंबाखूचं बोट न्हाई लावलेलं."

त्यानं पेटवली. ओढली. खोकला. आणि कितीतरी दिवसांनी हसला. "अक्का, देवळात बसून विडी ओढल्यासारखं वाटतंय."

त्या दिवसापासून घरात सुख आलं. त्याला दुसरा शब्द नाही. श्रीनू तिच्या समोर मांडी घालून बसायला लागला. तिनं त्याला पान कातरायला शिकवलं. त्याच्या विड्या ढेरपोट्या व्हायच्या. हमीदाबी दारातून बघून म्हणायची, "ये क्या, विडी है का वांगं?" श्रीनू म्हणायचा, "हमीदाबी, तुमच्यासारखीच केलीय, अंगानं भरलेली." आणि ती पदर तोंडावर धरून हसत निघून जायची. दिवसाला वीसेक विड्या तो ओढायचा, आणि बोलायचा. विहिरीत काय दिसलं ते त्यानं पहिल्यांदा सांगितलं. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरचा मित्र खोकून खोकून गेला, त्याची चप्पल आपण वर्षभर घातली, ते सांगितलं. अक्का वळता वळता ऐकायची, आणि तिच्या ओठांवर आपसूक आईच्या ओव्यांची चाल यायची, शब्द तिचे स्वतःचे.

सूप मांडीवरी बाई, पानाला देते पाणी
बंधूच्या कानामंदी कोण गं बोले वाणी

दोरा बांधिते गं बाई, दोन बोटांचा फेरा
बंधूला माझ्या लागो आपुल्या घराचा वारा

"ह्यात मी हाय का?" श्रीनू विचारायचा.

"मंग काय तो कारखान्याचा मुकादम हाय?"

*

तिसऱ्या सोमवारी फोन आला. भिंतीवरच्या पडद्यावर डॉक्टरीणबाई दिसल्या, कपाळाला आठी.

"बाई, श्रीनिवासच्या रक्तातलं औषध खाली आलंय. गेल्या सोमवारी थोडं, आज बरंच. गोळी देता ना?"

"माझ्या हातानं देते. सकाळी एक, रात्री दोन."

"तंबाखू?"

"शपथ घेते."

"ते बरोबर आहे, चकतीवर निकोटीन शून्य आहे." डॉक्टरीणबाईंनी समोरचे आकडे पुन्हा बघितले. "मग गोळी पोटात जात नसणार. जिभेखाली धरतात, गालात धरतात, मागून थुंकतात. वॉर्डात हे रोज बघते मी. तोंड तपासत चला. आणि उद्यापासून एक गोळी वाढवा."

श्रीनू मागंच उभा होता. "मी गिळतो, डॉक्टर."

"हो, श्रीनिवास. तरी अक्कांना बघू द्या."

त्या रात्री गोळ्या दिल्यावर अक्कानं मोबाइलचा उजेड लावला. "आ कर."

तो तिच्याकडं बघत राहिला.

"कर की रे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

त्यानं आ केला. तिनं जीभ वर करायला लावली, गालात बोट घालून बघितलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही बघितलं, तिसऱ्याही. आणि पुढच्या सोमवारी आकडा आणखी खाली. फोन पुन्हा आला, गोळी पुन्हा वाढली. आता अक्का संडासाच्या दाराबाहेर उभी राहायची, त्याची उशी उलटी करून झटकायची. कुठं ठेवतो हा? असा प्रश्न तिच्या मनात पहिल्यांदा आला तेव्हा ती दचकली होती. आता तो रोजचा झाला होता.

चौथ्या आठवड्यात भिंतीपल्याडचं बिऱ्हाड घरात आलं. श्रीनू जेवता जेवता मान वळवायला लागला. बाई हसत होती. मग पुरुषही आला. श्रीनू विड्या जास्त ओढायला लागला, एकीवर एक. ओढली की जरा बरं वाटतं, म्हणाला. अक्काही त्याला देत राहिली. तेवढंच तिच्या हातात होतं.

एका रात्री उजेड तोंडाशी आला तेव्हा श्रीनूनं तिचं मनगट धरलं. जोरानं नाही.

"अक्का, मला ऐकू येतं ते कुणाला खरं वाटलं न्हाई. तीस वर्षं. बरोबरच हाय, ते खरं न्हाईच. पण गोळी मी गिळली, हे तर खरं हाय. एवढं एक तरी मान माझं."

"मी मानते रे."

"मंग उजेड कशाला?"

तिनं उजेड विझवला नाही. आकडा तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि आकडा खोटं बोलत नाही असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. "आ कर, श्रीनू," ती म्हणाली. त्यानं आ केला. त्याचे डोळे मिटलेले होते.

*

नारळी पौर्णिमेला गल्लीतून मार्कंडेयाचा रथ निघाला. अक्कानं भावाला राखी बांधली, रथापुढं नारळ फोडला आणि नवस बोलली. देवा, ह्याच्या कानातली माणसं घालव. हा बरा होईपर्यंत मी पानाला हात लावणार नाही. माझ्याजवळ द्यायला दुसरं काय आहे?

घरी येऊन तिनं श्रीनूला सांगितलं, "आजपासून विडी बंद, तुळशीचीबी. माझा नवस हाय."

"बरं," तो म्हणाला. त्यानं का म्हणून विचारलं नाही. आता तो फारसं काही विचारत नसे.

अक्का नदीवर गेली आणि सूप प्रवरेत सोडलं. ते थोडं तरंगलं, मग एका बाजूनं भरत गेलं आणि बुडालं.

दोन दिवसांनी सोमवार आला. आकडा जरा वर सरकला होता. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, "आता गोळी पोटात जातेय. असंच चालू ठेवा." अक्कानं मार्कंडेयापुढं साखर ठेवली. श्रीनू दुपारचा झोपायला लागला, तेव्हा तिला वाटलं, किती दिवसांची झोप राहिलीय बिचाऱ्याची. तो संध्याकाळी उठेना, तेव्हा तिनं त्याच्या उशाशी बसून केसांतून हात फिरवला. उशीला लाळेचा ओला डाग होता.

रविवारी सकाळी तो नळावर गेला आणि तिथंच कोसळला. दात आवळलेले, टाचा फरशीवर आपटत होत्या. हमीदाबीनं त्याचं डोकं मांडीवर धरलं, कुशीवर वळवलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जोरजोरानं कुराणातली कसलीशी आयत म्हणत राहिली. अक्काच्या तोंडून एकच वाक्य निघत होतं, "मी तर सगळं सोडलं होतं. मी तर सगळं सोडलं होतं."

*

पाच दिवसांनी श्रीनूच्या नाकातली नळी निघाली. डॉक्टरीणबाईंनी अक्काला आपल्या खोलीत नेलं, दार लावलं. टेबलावरचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्यांनी स्वतः बंद केलं.

"औषध तिप्पट झालं होतं रक्तात. म्हणून फिट आली. मी पाच दिवस विचार करतेय. गोळ्या थुंकत होता आणि एकदम सगळ्या गिळायला लागला, असं रुग्ण सोडायचं ठरवणाऱ्या समितीनं लिहायला घेतलंय. पण मला ते पटत नाही. गोळ्या थुंकणाऱ्याचा आकडा वेडावाकडा उडतो. ह्यांचा जिन्यानं उतरावा तसा उतरलाय आणि जिन्यानं चढावा तसा चढलाय."

त्यांनी आकड्यांचा कागद अक्कापुढं सरकवला.

"मी तुम्हाला एक गोष्ट सोपी करून सांगितली होती. चुकीची सांगितली. तंबाखू औषध खाते, म्हणाले मी. तंबाखू औषध खात नाही, बाई. औषध तोडायचं काम आपल्या यकृताचं. यकृतात त्यासाठी एक कामकरी असतो. जळलेल्या पानाची काजळी धुरातून रक्तात आली की यकृताला वाटतं विष आलं, आणि ते असले कामकरी दुप्पट-तिप्पट करतं. ते विषाबरोबर औषधही तोडत सुटतात. त्यांना निकोटीनशी देणंघेणं नाही. धूर कशाचाही असो, तंबाखूचा, पाचोळ्याचा. धूर थांबला की आठवड्याभरात कामकरी कमी होतात आणि औषध तुंबतं." त्या पुढं वाकल्या. "आमची चकती निकोटीन शोधते. धूर शोधत नाही. मीही तुम्हाला तंबाखू विचारत राहिले. धूर विचारलाच नाही."

खिडकीबाहेर लिंब होता. अक्का तिकडं बघत होती.

"तुळशीचा," ती एवढंच म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. "हे मी अजून ऐकलेलं नाही, बाई. यंत्र बंद आहे. आधी माझं ऐका. मी त्यांची गोळी नीट करीनच, त्याची काळजी नको. पण कागदावर काय जाईल ते तुमच्या हातात आहे. तुम्ही गप्प राहिलात तर लिहिलं जाईल, रुग्णानं गोळ्या लपवल्या. सहा महिने बंद वॉर्ड. मग समिती फेरविचार करते, बहुतेक वेळा सोडते. ते परत तुमच्या घरी येऊ शकतात."

"आणि सांगितलं तर?"

"त्या अकरा पानांत 'कोणतेही धूम्रपान' असं आहे. मी तुम्हाला तंबाखू म्हणाले, कागदात धूम्रपान आहे. ते पुरवणाऱ्या नातेवाइकाकडं रुग्ण पुन्हा कधी देत नाहीत. मी भांडेन समितीशी. पण पाचात एक मी. त्यांना वाईच्या वसतिगृहात पाठवतील. चांगलं आहे, उघडं आहे, बागकाम वगैरे शिकवतात. पण ते तुमचं घर नाही."

"म्हंजे खोटं बोललं तर भाऊ मिळतो."

"सहा महिन्यांनी. हो." डॉक्टरीणबाईंनी समोरची फाइल मिटली. "राज्यात ही सुई घेतलेल्या अजून चाळीस जणांच्या कागदावर 'गोळ्या लपवल्या' लिहिलंय. त्यातल्या किती जणांच्या घरी कसला तरी धूर होता, कुणाला ठाऊक. पण ते ओझं तुमचं नाही."

"मला चाळीस माहीत न्हाईत, बाई," अक्का म्हणाली. "मला एक माहीत हाय."

तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग तिनं विचारलं, "तुमच्या कागदात किती गोळ्या दिल्या आणि किती गिळल्या, ते लिवता येतं का?"

"येतं."

"मंग यंत्र लावा."

तिनं सगळं सांगितलं. किती पानं, किती तुळस, दिवसाला किती विड्या, कुठल्या दिवशी बंद. कातरीनं पान कातरावं तसं नेमकं सांगितलं, कुठं रडली नाही. शेवटी म्हणाली, "माझ्या भावानं एकबी गोळी थुंकली न्हाई. मी त्याच्या तोंडात उजेड घालून बघत होते. त्येबी लिवा. मी बघत होते, आणि तो खरं सांगत होता."

*

वाईची गाडी दुपारी यायची होती. श्रीनू खाटेवर कपडे घालून बसला होता, हडकलेला, पण डोळे स्वच्छ. अक्कानं डॉक्टरीणबाईंना गळ घातली होती म्हणून त्या स्वतः कागद घेऊन आल्या आणि त्यांनी तो त्याच्यासमोर उभं राहून वाचला.

"रुग्णाने दिलेल्या सर्व गोळ्या नियमित घेतल्या होत्या. औषधाची पातळी घटण्याचे कारण रुग्णाचा हलगर्जीपणा नसून उपचार करणाऱ्यांनी धुराची चौकशी न करणे हे होते."

"परत वाचा," श्रीनू म्हणाला.

त्यांनी परत वाचला. त्यानं कागद मागून घेतला, 'सर्व' या शब्दावर बोट ठेवलं, आणि ते तसंच ठेवून बसला. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या.

"मंग आता घरी?" त्यानं विचारलं. इतक्या सरळ आवाजात की अक्काला पदराचं टोक धरावं लागलं.

"न्हाई रे. वाईला. मी तुला विड्या दिल्या ना, म्हणून. माझ्याकडं न्हाई देणार आता."

तो समजून घेत राहिला. कानातलं कुणी मध्ये बोलत असावं, कारण त्यानं एकदा हातानं ते बाजूला सारल्यासारखं केलं.

"तू सांगितलंस म्हणून?"

"हं."

"न सांगून चाललं असतं?"

"सहा महिने वॉर्ड. मंग घर."

श्रीनूनं कागदाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "येडी हायस तू," तो म्हणाला. "सहा महिने म्हंजे काय? मी चोवीस वर्षं काढली. आणि मला सवय हाय गं, माझ्यावर कुणी विश्वास न्हाई ठेवला तर."

"तुला हाय," अक्का म्हणाली. "मला न्हाई व्हायची, श्रीनू."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं कागदाची चार घड्यांची घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, छातीशी. पायऱ्या उतरताना त्यानं तिचा हात धरला. उतरायला तिला त्रास होतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. गाडीचं दार उघडं होतं. तिनं त्याला आत बसवलं, पिशवी पायाशी ठेवली, आणि हात सोडवून घ्यायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.